दौलतजी अडले तो रविवार

दौलतजींना कविता आवडत नसत आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही.

"गाणं म्हन, आयकतो. कवाली असन तं रातभर आयकतो," ते म्हणायचे. "पन तुह्या कवितेत मानूस खाटेवर बसून सांगून राह्यते का माह्यं कसं वाईट झालं. अरे बाबू, बाकीच्यायच्या घरी काय तवा लगन चालू होतं का?"

हे मला उद्देशून असे. सत्तरच्या आसपासचे ते दिवस. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत कविता लिहिणारा तेव्हा मी एकटाच. मराठी घेऊन बी.ए. करत होतो आणि खिशात कायम चार-दोन घड्या घातलेले कागद असत. दौलतजी आमचे शेजारी. दोन घरांच्या मधे एकच कुडाची भिंत, तीही पलीकडचं बोलणं ऐकू येईल एवढी पातळ. घरात त्यांची म्हातारी आई, बायको आणि प्रभा नावाची मुलगी. मी त्यांना काकाजी म्हणत असे.

गांधीबागेत कापडाच्या एका ठोक दुकानात ते गाठी बांधायचे. कापडाची थानं बारदानात गुंडाळायचे, दोरीने आवळायचे, सुईने शिवायचे आणि मग काळ्या शाईत कुंचला बुडवून गाठीवर पत्ता घालायचे. व्यापाऱ्याचं नाव, गाव, स्टेशन. काटोल, नरखेड, वरूड, पांढुर्णा. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. हमाल म्हणून लागले, जुन्या गाठींवरचे पत्ते पाहून पाहून गिरवले, मुनीमजींना विचारत गेले आणि वाचायला लागले. अक्षर असं वळणदार की आमच्या वाचनालयाची पाटी त्यांनीच रंगवली होती. उजव्या अंगठ्याच्या नखात शाई मुरलेली असायची. जेवताना ते नख वरणभातात बुडालेलं पाहून त्यांची बायको दर वेळी तोंड वाकडं करायची.

त्यांना माणसाचं एक वाक्य कधीच पटत नसे, ते म्हणजे "जेवून आलो". तुम्ही घरात पाऊल टाकलं की "जेवला का गा?" आणि तुम्ही हो म्हणालात की ते तुमच्या तोंडाकडे असे पाहत राहणार, जणू तुमच्या खिशात कोणाचं तरी घड्याळ आहे. वस्तीतल्या लग्नांत वाढायला ते पुढे असत आणि लोकांना त्यांची धास्ती वाटे. ताटावर हात आडवा धरला तर ते हातावर वाढत. एकदा नवरदेवाच्या मामाच्या हातावर त्यांनी कढत वरण ओतलं. मामा ओरडला, तर हे म्हणतात, "हात काहाडा ना मंग. म्या का हाताले वाढून राह्यलो?"

एकदा आम्ही पोरांनी वस्तीच्या मैदानात कविसंमेलन भरवलं. बाहेरगावचे एक कवी आले होते. त्यांनी दुष्काळावर एक लांबलचक कविता म्हटली. बायका पदराने डोळे पुसत होत्या. आणि ऐन मधात दौलतजी उठले, लोकांच्या मांड्यांवरून पाय टाकत चालते झाले. मी संयोजक. मला राग आला. कविता संपल्यावर मी त्यांना शोधत निघालो, तर हे कोपऱ्यावरच्या ठेल्यावर तर्री-पोहे खात उभे.

"काहून उठले, काकाजी?"

"भूक लागली."

"घरून जेवून निघाले होते तुम्ही. मी पाहिलं."

"जेवलो होतो ना. त्यानं पुरं उपाशी केलं मले." मग ठेलेवाल्याला म्हणाले, "एक पलेट याले दे. तर्री जास्त."

मला भूक नव्हती. पण ते मी बोललो नाही. त्यांच्यापुढे ते बोलण्यात अर्थ नसे. त्यांनी स्वतः दुसरी प्लेट घेतली. कपाळावर घाम, नाकातून पाणी, डोळे लाल. "तर्री जहाल हाय आज," ते म्हणाले. मी त्यावर विश्वास ठेवला. त्या वयात मला लोकांच्या डोळ्यांतलं पाणी मोजायचा नाद होता आणि ज्यांच्या डोळ्यांत ते आपल्या कवितेने आलं नाही ते लोक मला कोरडे वाटत.

आता आमच्या रविवारबद्दल सांगायला हवं.

छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर वस्तीत एक रीत पडली होती. रविवारी सकाळी विहारात वंदना व्हायची, पंचशील घ्यायचं आणि त्यानंतर एका घरातल्या एका माणसाने सगळ्यांसमोर उभं राहून काहीतरी वाचायचं. दर रविवारी वेगळं घर. त्याला आम्ही 'नंबर' म्हणायचो. नियम दोनच. एक, वाचणारा अडला तर कोणी सांगायचं नाही. लोकांनी चाळिशीत, पन्नाशीत अक्षरओळख करून घेतली होती. एखादी म्हातारी एका शब्दावर कितीतरी वेळ थांबायची, ओठ हलवायची, आणि सगळी वस्ती श्वास धरून बसायची. तो शब्द तिचा तिनेच काढायचा. दुसरा नियम असा की जो शेवटपर्यंत पोहोचला नाही, त्याने संध्याकाळच्या साक्षर वर्गात परत बसायचं. यात लाज नव्हती असं आम्ही म्हणायचो. अर्थात होती.

दौलतजी आपल्या नंबराला नेहमी पेपरातले बाजारभाव वाचायचे. संत्री, कापूस, तूर, गूळ. लोक हसायचे, मधूनच एखादी बाई विचारायची, "अन् कांदे काय भाव, दौलतभाऊ?" आणि ते गंभीरपणे कांदे शोधून सांगायचे. पुढे पोरांनी ठरवलं की हे बंद. ज्याचा नंबर त्याच्यासमोर आम्ही निवडलेला कागद ठेवायचा. नवं लिहिलं जात होतं, आपल्याबद्दल लिहिलं जात होतं, ते लोकांच्या तोंडी यावं, असा आमचा विचार. त्यात पुढाकार माझाच होता.

त्याच सुमारास माझी एक कविता एका अनियतकालिकात छापून आली. ती कशी आली ते सांगणं मला भाग आहे. दौलतजींची आई दुपारी अंगणात बसून मला जुन्या गोष्टी सांगायची. नरखेडकडच्या खेड्यातलं त्यांचं राहणं, दुसऱ्याच्या संत्र्याच्या बगीच्यातली मजुरी, आणि सुमी. दौलतजींची धाकटी बहीण. घरात एकच भाकर असली की म्हातारी ती दोघांत मोडायची आणि सुमी आपला तुकडा भावापुढे सरकवायची. म्हणायची, मले भूक नाही, दादा. असल्याच एका साली ती तापाने गेली. म्हातारी हे रडत सांगत नसे. तांदूळ निवडत सांगे. मी घरी जाऊन लिहून काढलं. 'मी' म्हणून लिहिलं, बहीण माझी केली. मला बहीण नाही. वाचणाऱ्यांना काय कळणार होतं?

आणि दौलतजींच्या नंबराला मी तोच कागद त्यांच्यासमोर ठेवला. मला वाटलं होतं ते ओळखतील, त्यांचा ऊर भरून येईल, आणि कविता म्हणजे काय ते त्यांना एकदाचं कळेल. खरं सांगायचं तर मला त्यांना रडताना पाहायचं होतं.

पंचशील झालं. ते उठले, सदरा नीट केला, कागद हातभर लांब धरला. प्रभा बायकांच्या बाजूला पुढेच बसली होती. ती तेव्हा दहावीत होती. म्हातारी भिंतीला टेकून. दौलतजी बाजारभाव वाचायचे त्याच सपाट आवाजात वाचू लागले.

"आईने भाकर दोघांत मोडली. ती म्हणाली, मला भूक नाही, दादा, तू घे."

इथे ते थांबले.

पुढची ओळ होती, 'मला काय ठाऊक, ती उपाशी होती.'

लोक रीतीप्रमाणे थांबले. बाहेर कुठेतरी सायकल दुरुस्तीवाला चाकावर ठोकत होता, तो ठोकून दमला, तरी दौलतजी उभेच. ओठ मिटलेले. शब्द शोधणाऱ्याचे ओठ हलतात, त्यांचे हलत नव्हते. मला ते दिसलं होतं. पण माझी कविता अशी अर्धी लोंबकळत राहिली हे मला सहन होईना. आणि त्या विहारात आजवर कोणी केलं नव्हतं ते मी केलं. मी मोठ्याने सांगितलं, "मला काय ठाऊक. काकाजी, 'मला काय ठाऊक, ती उपाशी होती.'"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, मग त्यांच्याकडे.

दौलतजींनी कागदाची घडी केली. "हो. तेच," ते म्हणाले. "नाही आलं मले वाचता." आणि खाली बसले.

आठवड्याभरात वस्तीत ठरूनही गेलं. दौलतला वाचता येत नाही. भाव तेवढे येतात, कारण तेच ते शब्द. आणि पत्ते? "पत्ते तं पाठ असते गा, चित्र काढल्यासारखे काढते तो." वाचनालयाचे चिटणीस म्हणून त्या वर्षी त्यांचंच नाव पुढे होतं. घरोघर फिरून पुस्तकं त्यांनीच गोळा केली होती. ते नाव मागे पडलं. कोणी तसं बोललं नाही, फक्त दुसऱ्याला विचारलं.

साक्षर वर्ग मीच घ्यायचो. सोमवारी संध्याकाळी दौलतजी प्रभाची पाटी घेऊन आले आणि म्हाताऱ्या बायकांच्या मागे बसले.

भागरता नावाची एक आजी होती, ती मागे वळून म्हणाली, "बस गा दौलत, लाजू नोको. मी बी दिवाळीपासून 'ब'वरच हाव."

"नाही लाजत वं आजी."

मी फळ्यावर अक्षरं काढली. त्यांनी पाटीवर 'अ' काढला. गाठीवर काढायचे तसाच आला, भरीव, देखणा. त्यांनी तो कोपराने पुसला. पुन्हा काढला, पुन्हा तसाच. मग त्यांनी पेन्सिल डाव्या हातात घेतली. भागरता आजी पाटीत डोकावून हसली, "माह्यापेक्षाही वाकडा काहाडला बाप्पा यानं." ते खूश झाल्यासारखे दिसले. मी फळ्याकडे तोंड केलं आणि पुढची अक्षरं काढत राहिलो.

वर्ग सुटल्यावर ते मागे राहिले. सतरंजीची एक बाजू त्यांनी धरली, एक मी.

"काकाजी, हे काय चालवलं तुम्ही?"

"नियम हाय ना. अडला तो वर्गात."

"तुम्ही अडले नव्हते."

सतरंजीची घडी करून त्यांनी ती कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाले, "मायनं सांगतलं ना तुले सुमीचं?"

"हो."

"वाटलंच. चांगलं लिवलं तू. भाकरीचं, सारं. पन ते पुढचं मी कसं म्हनू? आत्ताच पंचशील घेतलं होतं सगळ्यायसंगं, खोटं बोलनार नाही म्हनून. अन् तू लिवलं का मले काय ठाऊक." त्यांनी पाटीवरची धूळ सदऱ्याला पुसली. "मले ठाऊक होतं गा. ती चुलीपाशी बसून माह्या तोंडाकडे पाहे. म्हनून मी भिताडाकडे तोंड करून खावो."

मी म्हणालो, मी लोकांना सांगतो, कविता तुमची आहे, माझी नाही.

"मंग ते विचारतीन, दौलत थांबला काहून. माय बी आयकन. तिच्या मनात मी भोळा होतो, लहान होतो. अजून सांगते ते लोकायले, माह्या पोराले समजत नव्हतं म्हनते. म्हातारी हाय, राहू दे तिचं."

"पण वाचता येत नाही असं खोटंच सांगितलं ना तुम्ही?"

"बोललोच ना खोटं. पन थोडं लहान बोललो."

मी ओळ बदलायची तयारी दाखवली. ते म्हणाले, "काय लिवशील? मले ठाऊक होतं? मंग लोक तुले विचारतीन. तुह्याकडून सांगनं होईन का?"

नाही झालं. ती ओळ आजही तशीच आहे. माझ्या संग्रहात आहे. मी ती कितीतरी व्यासपीठांवर म्हटली आणि त्या ओळीला लोकांच्या घशातून आवाज येतो, हे मला ठाऊक आहे.

यानंतर जे झालं ते आमच्यापैकी कोणाच्या हिशेबात नव्हतं. प्रभाला बापाची लाज वाटली असेल, पण त्याहून जास्त राग आला तो वस्तीचा. तिने ठरवलं की बाबांना आपण शिकवायचं. रोज संध्याकाळी स्वयंपाक होईपर्यंत ती त्यांच्याजवळ बसू लागली. आधी तिचं पाठ्यपुस्तक, पुढे कॉलेजात गेल्यावर मराठीच घेतलं तिने, मग कविता. भिंतीतून मला सगळं ऐकू यायचं.

"बाबा, हे काय आहे? नीट पहा."

"…दु."

"आणि पुढे?"

"ख."

"मधात दोन टिंबं आहेत ना. दुःख."

"एवढुशा शब्दाले टिंबं कायले लागते वं?"

ती हसायची. त्यांची प्रगती फार सावकाश होती. वर्षभरात ते जोडाक्षरांपर्यंत पोहोचले, आणि तिथेच रमले. कविता वाचून झाली की त्यांचं मत ठरलेलं, "बकवास हाय. दुसरी वाच." एकदा मात्र ती उपासमारीवरची एक कविता वाचत होती आणि वाचून झाल्यावर पलीकडे काहीच आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते भिंतीच्या टोकाशी येऊन मला म्हणाले, "कालची ते कविता लिवनारा जित्ता हाय का?"

"आहे ना. मुंबईला असतो."

"जेवते का बरोबर?"

मी म्हणालो, मला काय ठाऊक. आणि तेच शब्द माझ्या तोंडून निघाले म्हणून दिवसभर मला चैन पडलं नाही.

म्हातारी वारली. तेरवीच्या गोंधळातून दौलतजी मोकळे झाल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. बरेच दिवस मनात ठेवलं होतं. म्हणालो, काकाजी, आता आजी नाहीत. आता मला प्रभाला तरी सांगू द्या. तिला वाटतं तिच्या बापाला वाचता येत नव्हतं. सगळ्या वस्तीला वाटतं. माझ्यामुळे.

ते अंगणात खाटेची पट्टी आवळत होते. हातातलं सोडलं नाही.

"तुले मोकळं वाटन," ते म्हणाले.

"हो. वाटेल."

"अन् ते वाचनं बंद करन." पट्टी ओढून त्यांनी गाठ मारली. "लेकरू दिवसभर घरात नसते. आलं का अभ्यास, मैत्रिनी. संध्याकाळी तेवढी बसते माह्याजवळ. कविता गेली खड्ड्यात. तिचं बोट फिरते ना अक्षरावरून, ते मी पाहात राह्यतो. तू सांगशील तं तिले वाटन, बाप इतके वर्स नाटक करून राह्यला होता. मंग?"

मी घरी आलो. माझ्या मनावरचं ओझं त्यांच्या पोरीच्या डोक्यावर देऊन मी मोकळा होणार होतो, आणि ते त्यांनी होऊ दिलं नाही. पुढे प्रभाचं लग्न झालं, ती नरखेड तालुक्यात शिक्षिका झाली, तरी सुटीच्या दिवशी यायची आणि पिशवीत पुस्तक असायचंच.

दौलतजींना जाऊन आता काही वर्षं झाली. हे लिहावं की नाही यात माझे बरेच महिने गेले. प्रभा हे वाचेल. तिचे बाबा जिवंत असताना त्यांनी मला जे करू दिलं नाही, ते मी आता करतो आहे, आणि ते तिच्यासाठी करतो आहे की स्वतःसाठी, हे मला अजून सांगता येत नाही. पण तिच्या बापाला वाचता येत नव्हतं, हे तसंच राहिलं तर तेही माझंच खोटं.

त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते एसटी स्टँडवर. मी कुठल्याशा गावी कविता वाचायला निघालो होतो. बाकावर दौलतजी बसलेले, बारीक झालेले, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि पेपरची रविवारची पुरवणी मांडीवर उघडलेली. तिच्यात पानभर एक कविता होती. ते बोट न लावता, झरझर वाचत होते. मी शेजारी बसलो, तरी मान वर केली नाही, फक्त "जेवला का गा?" एवढं विचारलं. कविता संपवून ते पुन्हा वरच्या ओळीवर गेले. या खेपेला त्यांचे ओठ हलत होते.

नरखेडची गाडी आत आली. त्यांनी चष्मा काढून खिशात टाकला, पुरवणीची घडी केली आणि माझ्या हातात दिली. "धर, तुह्याजवळ राहू दे," म्हणाले आणि उठून गर्दीत शिरले. प्रभा उतरली, दोन्ही हातांत पिशव्या, केस धुळीने पांढरे. त्यांनी एक पिशवी घेतली. स्टँडच्या फाटकाबाहेर शहर बस लागली होती. पाटीवर हातभर मोठी अक्षरं होती, मला बाकावरून दिसत होती.

दौलतजींनी पाटीकडे मान वर केली, डोळे बारीक केले.

"पाहाय वं," ते पोरीला म्हणाले, "कोनती हाय ते गाडी?"

तिने पिशवी खाली ठेवली, एका हाताने त्यांचा दंड धरला, दुसऱ्याने पाटीकडे बोट केलं, आणि एकेक अक्षर सुटं करून त्यांना वाचून दाखवू लागली. ते तिच्यामागून म्हणत होते.